खालची आयी, वरची आई

वाचकाचं पत्र, थोडं आखडतं घेऊन:

"मावशी, मला तू म्हणा. मी मूळची आजऱ्याकडची. लग्नानंतर खानापूर तालुक्यात सासरी होते. गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून आम्ही बेळगावात, वडगावला भाड्यानं राहतो. मिस्टर उद्यमबागेत मशीन शॉपला आहेत, पाळी दर आठवड्याला बदलते. सासूबाई आमच्याजवळच असतात. मुलगा 3 वर्षं 4 महिन्यांचा आहे, मुलगी 8 महिन्यांची.

मुलाचं बोलणं सगळं मिसळ झालंय. परवा गेटातून पळत आला आणि म्हणाला, 'आई, नायी बंतु, दार लाव.' दुपारभर तो खाली घरमालकांकडं असतो, ते कन्नड. मला कन्नड येत नाही. कधी कधी तो काय म्हणतो ते मलाच कळत नाही, मग तो चिडून रडतो. सासूबाई म्हणतात, ह्याला एक भाषा धड येणार नाही. नर्सरीच्या मिस म्हणाल्या, घरी इंग्लिशच बोला, नाहीतर मागं पडेल. म्हणून दोन महिने मी 'कम', 'सिट', 'ईट राइस' असंच बोलते. मोबाइलवर इंग्लिश गाणी लावून देते, जेवताना तर तो लागतोच. पावसाळ्यात दोनदा कान फुटला होता, औषधानं बरा झाला. हल्ली हाक मारली तरी बघत नाही. तीनतीनदा ओरडावं लागतं, शेवटी धपाटा बसतो आणि रात्री मलाच रडू येतं. सगळ्यात लागलं ते हे, की खालच्या बाईंना तो 'आयी' म्हणतो. मी जिवंत असताना दुसऱ्या बाईला आयी? माझं काय चुकतंय?"

पोरी,

पत्र दोनदा वाचलं. त्यात एक ओळ तू घाईघाईनं लिहून पुढं गेलीस, मी मात्र तिथंच थांबले. पावसाळ्यात दोनदा कान फुटला, आणि आता हाक मारली तरी बघत नाही. ही दोन वाक्यं तू शेजारी शेजारी लिहिली आहेस, पण त्यांचा एकमेकांशी संबंध असेल असं तुझ्या मनात आलेलं दिसत नाही. भाषेचं, शाळेचं, सासूबाईंचं सगळं बोलू, पण आधी कान.

आपल्याकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस धरून असतो. घरात ओल, कपडे वाळत नाहीत, पोरांची नाकं वाहत राहतात. लहान मुलाच्या नाकातून कानाकडं जाणारी नळी आखूड आणि आडवी असते. सर्दी त्या वाटेनं कानात उतरते, पडद्यामागं पू होतो, पडदा फुटतो, पू बाहेर येतो आणि ठणका थांबतो. औषधानं पू बंद झाला की आपण म्हणतो, बरा झाला. पण पुष्कळ मुलांच्या पडद्यामागं त्यानंतरही पाणी साचून राहतं. दुखत नाही, ताप नाही, वरून काही दिसत नाही. फक्त कानात कापसाचा बोळा घातल्यासारखं ऐकू येतं. समोर बसून बोललं तर कळतं, स्वयंपाकघरातून हाक मारली तर कळत नाही. शेजारी मागांची खटखट चालू असेल तर आणखीच कळत नाही, आणि तू तर विणकरांच्या वडगावात राहतेस. एखाद्या दिवशी बरं ऐकू येतं, एखाद्या दिवशी नाही, म्हणून घरच्यांना वाटतं, पोरगं मुद्दाम करतंय.

म्हणून ह्याच आठवड्यात त्याला कान-नाक-घसा डॉक्टरांकडं ने आणि स्पष्ट सांग: दोनदा कान फुटला होता, आता हाकेला ओ देत नाही, ऐकण्याची तपासणी करायची आहे. एवढ्या लहान मुलाची तपासणी खेळातच होते, आवाज ऐकू आला की ठोकळा डब्यात टाकायचा. दुसरी एक तपासणी असते, तीत कानात छोटं बोंडूक धरून पडदा हलतो का ते बघतात. मिनिटभराचं काम असतं आणि दुखत नाही. पडद्यामागचं पाणी बहुतेक मुलांत तीन महिन्यांच्या आत आपोआप आटतं. नाही आटलं तर काय करायचं ते डॉक्टर सांगतील, त्यावर इलाज आहे. पैशाची अडचण असेल तर सरकारी जिल्हा रुग्णालय आहेच. शिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. त्यांचं पथक कधी येतं ते तुमच्या भागातल्या अंगणवाडीच्या ताईंना विचार.

तोवर कानात काही घालू नकोस. लसणीचं तेल नको, कोमट खोबरेल नको, पिनेचं टोक तर नकोच नको. सासूबाईंनी मायेनं वाटी पुढं केली तरी गोडीत नाही म्हण. फुटलेल्या कानात तेल जाणं वाईट. आणि हाक मारायची रीत आजपासून बदल. लांबून ओरडू नकोस. जवळ जा, खांद्यावर हात ठेव, त्यानं तुझ्या तोंडाकडं बघितलं की मग बोल. कानात पाणी निघालं तर त्या धपाट्यांचं तुला किती वाईट वाटेल ते मला कळतं. तुला ठाऊक नव्हतं, पण आता ठाऊक आहे.

आता 'आयी'.

तू आजऱ्याची, म्हणून तुला हे कुणी सांगितलं नसणार. बेळगाव-धारवाडकडच्या कन्नडात आयी म्हणजे आज्जी. आजोबा म्हणजे मुत्त्या. आईला ते अव्वा म्हणतात. खालच्या घरात नातवंडं त्या बाईंना दिवसभर आयी, आयी करत असतील, ते ऐकून तुझाही लेक त्यांना आज्जी म्हणतोय. एवढंच. त्यानं तुझी जागा कुणाला दिलेली नाही. उलट बघ, पळत घरात आला तेव्हा तोंडातून पहिला शब्द काय निघाला? आई. तो तुझ्यासाठीच. एक मात्रा इकडं-तिकडं, आणि त्या दोन शब्दांतला फरक त्याला तुझ्याआधी कळलाय.

आणि त्याचं ते वाक्य. "आई, नायी बंतु, दार लाव." बालवाडीत तेवीस वर्षं पोरांची वाक्यं ऐकलेली बाई आहे मी, हे वाक्य मला फार आवडलं. कुत्रा आला, दार लाव. मराठीत आपण कुत्रा 'आला' म्हणतो, माणूस असल्यासारखा. कन्नडात पुरुष आला तर बंद, बाई आली तर बंदळु, पण जनावर आलं तर बंतु. तुझ्या साडेतीन वर्षांच्याही आतल्या पोरानं कुत्र्याला बरोब्बर बंतु म्हटलं. ते त्याला कुणी शिकवलं? कुणीच नाही, खालच्या अंगणात खेळता खेळता त्यानं उचललं. मग तुझ्याकडं वळल्यावर दार लावायचं काम मराठीत सांगितलं, कारण दार लावणारी तू. अर्धं वाक्य एका व्याकरणात, अर्धं दुसऱ्यात, आणि दोन्ही अर्धी बिनचूक. ह्याला गोंधळ म्हणत नाहीत. दोन भाषांत वाढणारी पोरं ह्या वयात अशी सरमिसळ करतातच, जगात सगळीकडं करतात. जो शब्द आधी हाताला लागला तो वापरतात. पाचसहा वर्षांची होईपर्यंत कुणाशी काय बोलायचं ते त्यांचं त्यांना नीट उमगतं.

काळजी कधी करायची तेही सांगते, म्हणजे रात्री झोप लागेल. दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून बोलत नसेल, तीन वर्षांचं झालं तरी घरच्यांनाही त्याचं बोलणं कळत नसेल, किंवा येत असलेले शब्द जायला लागले असतील, तर भाषा एक असो की तीन, तपासणी करायची. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे. पाणी आणि नीर येत असेल तर ते दोन शब्द. खालच्या आयींना विचार, त्यांना त्याचं कन्नड कळतं का. कळत असणार. बोलणं कमी वाटलंच तर कानाचे डॉक्टर वाचा-तज्ज्ञांकडं पाठवतात. म्हैसूरला तर त्यासाठी अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थाच आहे. पण तुझ्या पत्रावरून मला त्याच्या बोलण्यापेक्षा कानाची काळजी जास्त वाटते.

आता जे सांगते ते मला मनापासून सांगायचं आहे, कारण ही चूक मी स्वतः दुसऱ्याच्या घरात घडवलेली आहे.

फार वर्षांपूर्वी शहापुरातल्या आमच्या मराठी बालवाडीत विणकराचं एक पोरगं यायचं. घरी सगळे कन्नड. पोरगं गप्प बसायचं. मी त्याच्या आईला बोलावलं आणि शिकवणाऱ्या बाईच्या तोऱ्यात सांगितलं, घरी मराठीच बोलत जा, तरच तो इथं बोलेल. ती बिचारी गरीब स्वभावाची. तिला मराठी यायचं ते बाजारापुरतं: केवढ्याला, द्या, नको, या, बसा. तिनं माझं ऐकलं. दिवाळीनंतर एकदा गाठ पडली तेव्हा मोडक्या मराठीत म्हणाली, बाई, तुम्ही सांगितलं तेव्हापासून आमच्या घरात बोलणंच ऱ्हायलं. मी त्याला जेव म्हणते, झोप म्हणते, आणखी काय म्हणू?

ते वाक्य माझ्या अजून कानात आहे. त्या पोराला मराठी आलं नाहीच, आईची गोष्ट मात्र गेली, आईचं रागावणं-लाडावणं गेलं. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले आणि माझे शब्द परत घेतले. पण ते पाच महिने कुठून परत आणायचे?

म्हणून तुझं 'ईट राइस' वाचलं आणि मला ती बाई दिसली.

पोरी, तुझी भाषा भरलेल्या घरासारखी आहे. दूध तापवताना तू काय काय म्हणू शकतेस बघ. दुधावर साय धरली. उतू जाईल हं. पोळेल, फुंकर घाल. आता कोंबट झालं. अजून कढत आहे, थांब. तळाला करपलं वाटतं, वास येतोय. एका पातेल्यावर एवढे शब्द, त्यात कारण आलं, इशारा आला, वाट बघणं आलं. आणि इंग्लिशमध्ये? 'मिल्क. हॉट.' तुझं इंग्लिश कमी आहे म्हणून हे म्हणत नाही, मलाही त्या भाषेत सायीला काय म्हणतात ते पटकन सुचणार नाही. पोराचं डोकं वाढतं ते भरगच्च बोलण्यावर, प्रश्नाला उत्तर आणि उत्तरावर पुन्हा प्रश्न येण्यावर. ते तू ज्या भाषेत स्वप्नं बघतेस त्याच भाषेत तू त्याला देऊ शकतेस. ज्याला एका भाषेत 'उतू जाणं' म्हणजे काय ते नीट कळलंय त्याला दुसऱ्या भाषेत फक्त नवा शब्द शिकावा लागतो. ज्याला कुठल्याच भाषेत ते कळलं नाही त्याला सगळंच पहिल्यापासून.

आणि व्यवहारानं बघ. इंग्रजी त्याला शाळा देणार आहे, त्यासाठी तुम्ही फी भरताय. कन्नड त्याला अंगण देतंय, गल्ली देतेय, आणि कर्नाटकात 2015 च्या कायद्यानं शाळेतही शिकवलं जाणारच आहे. मराठी त्याला कोण देणार? इंग्रजी शाळेत घातलंय म्हटल्यावर ती फक्त तुझ्या स्वयंपाकघरातून आणि सासूबाईंच्या मांडीवरून मिळणार. ते दार तू स्वतःच्या हातानं लावून घेतेयस.

मिसशी भांडू नकोस. ती पोरगीही कुणीतरी सांगितलेलंच सांगत असेल. शांतपणे म्हण, इंग्लिश तुम्ही शिकवा, गोष्टी आम्ही घरी सांगतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही जमेल तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असंच लिहिलं आहे. शाळेचं माध्यम निवडायचा हक्क आईबापांचा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 साली कर्नाटकाच्याच खटल्यात म्हटलं. तुम्ही इंग्रजी निवडलंत, तो तुमचा निर्णय, मी त्यात पडत नाही. पण चुलीपुढं कोणती भाषा बोलायची हे ठरवायला कुठल्या शाळेला विचारायचं कारण नाही.

मग आता करायचं काय? वेगळा वेळ काढून 'शिकवायला' बसू नकोस. तुझ्या कडेवर 8 महिन्यांची लेक आहे, नवऱ्याची पाळी बदलते, तुला वेळ कुठला? जे रोज करावंच लागतं त्यातच बोल. आंघोळ घे. पाठ चोळताना पाठ, खांदा, कोपर, घोटा, टाच, सगळी नावं ओठांवर येऊ देत. साबण निसटला, डोळ्यात गेला, चुरचुरतंय होय, थांब धुते. (कान बरा होईपर्यंत कापसाच्या बोळ्याला व्हॅसलिन लावून कानात बाहेरच्या बाहेर बसव, आत पाणी जायला नको.) आंघोळीची दहा मिनिटं रोज, म्हणजे वर्षाला साठ तास झाले. कुठल्या क्लासला एवढा वेळ एकटं पोर आणि एकटी बाई मिळते?

जेवण हा मोठा विषय, कारण तिथं मोबाइल बसलाय. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी असेल तेवढं चांगलं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं आहे. बाळाला तर बिलकूल नको, ती शेजारी बसून बघत असेल तर तेही. तासापेक्षा मला दुसरंच खुपतं. ते गाणं त्याला उत्तर देत नाही. तो 'नायी बंतु' म्हणाला तर गाणं थांबून 'कुठं आहे नायी?' असं विचारत नाही. दोन महिने तो एका न ऐकणाऱ्याशी बोलतोय, आणि त्यात स्वतःचा कानही जड असेल तर काय अवस्था!

एकदम काढून घेतलास तर तीनचार दिवस घर डोक्यावर घेईल, ते तू धरून चाल. नवऱ्याची पहिली पाळी असेल तो आठवडा निवड, म्हणजे संध्याकाळी घरात आणखी दोन हात असतील. जेवायच्या आधी अर्धा तास त्याला कामाला लाव. भुईमुगाच्या शेंगा फोडायला दे, मटार सोलायला दे, उकडलेल्या रताळ्याची साल काढायला दे, आपल्याकडं रताळ्याला काय तोटा? ज्या पोरानं स्वतः सोललं ते पोर त्यातलं दोन दाणे तरी खातंच. ताटात भाताचे छोटे मुद पाड, एक चिऊचा, एक काऊचा, एक खालच्या आयींचा. सांडेल, माखेल, अर्धं उरेल. उरू दे. भूक लागली की दुसऱ्या वेळेला जेवेल. ताट घेऊन मागं पळू नकोस.

तो 'नीर बेक' म्हणाला तर 'चूक, पाणी म्हण' असं करू नकोस. पोराला तहान लागलेली असताना परीक्षा कसली? 'पाणी हवंय होय? घे, माठातलं गार पाणी.' झालं. त्याला शब्द मिळाला, पाणीही मिळालं. सासूबाईंनाही एवढंच सांग, पाहुण्यांसमोर 'हे काय आहे सांग बघू' असं विचारू नका. मोठ्या माणसालाही चार लोकांत विचारलं तर घशात शब्द अडकतो. त्याऐवजी त्यांना दिवेलागणीनंतरचा अर्धा तास देऊन टाक. खानापूरकडच्या जंगलातलं त्यांचं लहानपण, गवा आला तेव्हा काय झालं, पावसात नदीवरून शाळेला कसं जायचे, हे सगळं त्यांच्याजवळ असणार. 'एक भाषा धड येणार नाही' असं म्हणणाऱ्या बाईला भाषा द्यायचं काम मिळालं की ती कुरकुर मागं पडते, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. बोलून दाखवायला जाऊ नकोस, नुसतं पोराला त्यांच्या मांडीवर बसव आणि बाळाला घेऊन दुसऱ्या खोलीत जा.

रात्री लवकर अंथरूण घाल. ह्या वयाला दिवसाची झोप धरून 10 ते 13 तास झोप लागते. तुझ्याकडं दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात बाबा येईपर्यंत पोरं जागी राहत असतील असा माझा अंदाज आहे, आणि तो चिडचिडेपणा निम्मा तिथलाच असेल. अंधारात एक गोष्ट सांग, रोज तीच असली तरी चालेल. पोरांना तीच हवी असते, चौथ्या दिवशी तो तुझ्याआधी पुढचं वाक्य म्हणेल.

लेकीचंही राहिलंच. 8 महिन्यांची म्हणजे आता बाबाबा, दादादा सुरू झालं असेल. दादाला सांग, ती तुझ्याशी बोलतेय, तिला उत्तर दे. घरात स्वतःपेक्षा लहान कुणीतरी ऐकणारं आहे म्हटल्यावर पोरं काय बोलतात! तेव्हा कडेला उभी राहून ऐक, तुझ्या पोराचं मराठी किती आहे ते तुला तेव्हा कळेल.

नवऱ्याला कन्नड येत असेल. त्यांना रविवारी पोराला खांद्यावर घेऊन खडे बाजारातून एक फेरी मारू दे, दुकानांच्या पाट्या दाखवत, बाबाच्या भाषेत. त्यांना ज्या भाषेत सहज वाटेल त्या भाषेत बोलू देत. घरात अमुक माणसाची अमुक भाषा असे नियम करून दमू नका.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण दोन ओळींच्या मधे मला दिसली. पोराच्या तोंडून कन्नड ऐकलं की तुझ्या पोटात काहीतरी तुटतं. ते मी समजू शकते. ह्या भागात 1956 पासून भाषा हा साधा विषय राहिलेला नाही. सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. मी स्वतः मोर्चात चाललेली बाई आहे, आणि माझं मत मी लपवत नाही. पण तो दावा मोठ्या माणसांचा आहे. तीन वर्षांच्या पोरानं कुत्र्याला नायी म्हटल्यानं तो दावा कमकुवत होत नाही, आणि खालच्या आयींनी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला तेव्हा त्यांनी कुठल्या राज्याचा खडा ठेवला नव्हता. तूप आणि तुप्प, हुडकणं आणि हुडुकु, दोन्हीकडची अक्का, दोन्हीकडचा अण्णा. ह्या दोन भाषांनी आपल्या आधी कितीतरी पिढ्या एकमेकींच्या ताटात वाढलंय. तुझ्या आजऱ्यातही 'हुडक की' म्हणत असतीलच.

तुला त्याचं बोलणं कळत नाही, म्हणून तो रडतो, हे मात्र खरं दुखणं आहे आणि त्याचं औषध खालीच राहतंय. एखाद्या दुपारी बाळ झोपलं की पोराचं बोट धरून खाली जा. तो काय म्हणतो ते त्यांना विचार. बेक म्हणजे पाहिजे, बेड म्हणजे नको, बा म्हणजे ये, ऊटा म्हणजे जेवण, हालु म्हणजे दूध. एवढ्या पाच शब्दांत अर्धी रडारड थांबेल. बाकीचे पोराकडून शीक, आईला शिकवायला मिळालं की त्याची छाती केवढी फुगेल बघ. एका वर्षात तुला त्या घरी बसून चहा प्यावासा वाटला नाही, कारण बोलायचं काय हा प्रश्न होता. आता विषय मिळालाय. त्या वयानं मोठ्या आहेत ना? तूही त्यांना आयी म्हण.

पण आधी कान दाखव. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव, तपासणीचा कागद जपून ठेव, आणि तिथं रांगेत बसायला लागेल तेव्हा मोबाइल देऊ नकोस, पिशवीत चार शेंगा टाकून ने.

तुझी,
मावशी